जुन्या फाइलच्या जागी नवी: घरचा संगीतसंग्रह लावताना काहीही न गमावण्याची पद्धत

गाणं ऐकणाऱ्या घरात संग्रह एका दिवसात झालेला नसतो. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेल्या फाइली असतात, वीस वर्षांपूर्वी सीडीवरून काढलेल्या १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट, म्हणजे हलक्या दर्जाच्या) एमपी३ असतात, कुणीतरी पेन ड्राइव्हवर भरून दिलेलं 'सगळं नाट्यसंगीत' असतं, आणि आता त्याच सीडी पुन्हा नीट काढून केलेल्या फ्लॅक (ध्वनीतलं काहीही न टाकता आकार कमी करणाऱ्या प्रकारच्या) फाइली येतात. हे सगळं एका जागी लावायला बसलं की पहिल्या तासाभरातच प्रश्न उभा राहतो. चांगली फाइल हातात आली, पण त्याच गाण्याची जुनी फाइल आधीपासून आहे. मग जुनीच्या जागी नवी ठेवायची कशी?

बहुतेक जण कॉपी-पेस्ट करतात आणि समोर चौकट आली की 'रिप्लेस'वर क्लिक करतात. हा लेख त्या क्लिकऐवजी काय करावं ते सांगण्यासाठी आहे. ज्यांनी असं काम पूर्वी केलेलं नाही त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. उदाहरणं विंडोजची आहेत. मॅक जिथे वेगळा वागतो तिथे तसं सांगितलं आहे.

'रिप्लेस' म्हटल्यावर नेमकं काय होतं

फाइल डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये जाते आणि तिथून परत आणता येते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एका फाइलवर दुसरी फाइल लिहिली गेली की जुनी रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती थेट जाते. कंट्रोल-झेड दाबूनही परत येत नाही. फाइली परत मिळवून देणारी सॉफ्टवेअर असतात, पण जागा पुन्हा लिहिली गेली असेल तर त्यांच्या हातीही फारसं लागत नाही, आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) असेल तर शक्यता आणखी कमी.

म्हणून या कामाचा एकच नियम मी मानतो आणि शिकवतो: बदली कधीही एका क्रियेत करायची नाही. जुनी फाइल आधी बाजूला सरकवायची, मग रिकाम्या जागी नवी ठेवायची. दोन्ही क्रिया उलट करता येतात. जुनी पुसायची ती शेवटी, वेगळ्या दिवशी, सगळं वाजवून पाहिल्यावर. पुढची सगळी मांडणी या नियमावरच उभी आहे.

हात लावण्याआधी एक प्रत

ज्या डिस्कवर संग्रह आहे त्याच डिस्कवर दुसरा फोल्डर करून त्यात प्रत ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की दोन्ही गेले. वेगळी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, संपूर्ण संग्रह तिच्यावर कॉपी करा, आणि कॉपी झाल्यावर त्या डिस्कवरच्या इकडच्या-तिकडच्या काही फाइली प्रत्यक्ष उघडून वाजवा. न उघडलेल्या बॅकअपवर विश्वास ठेवू नये. मग डिस्क 'इजेक्ट' करून काढून ठेवा. काम चालू असताना ती जोडलेली नको. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेलं तीन-दोन-एकचं सूत्र इथेही लागू पडतं: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवली तरी चालते.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडलेला फोल्डर हा बॅकअप आहे असं धरून चालू नका. तुम्ही इथे फाइल बदलली की काही क्षणांत तिथेही बदलते. गूगल ड्राइव्ह जुन्या आवृत्त्या ठेवतो, पण साधारण ३० दिवसच. दिवाळीत केलेली चूक संक्रांतीला लक्षात आली तर तिथे काही मिळणार नाही.

तीन फोल्डर

संग्रहाच्या डिस्कवर तीन फोल्डर करा: 'संग्रह', 'आवक' आणि 'काढलेले'. जे पक्कं झालं ते संग्रहात. नवीन आलेलं, अजून न तपासलेलं सगळं आवकमध्ये. संग्रहातून बाजूला केलेल्या जुन्या फाइली काढलेलेमध्ये.

तिन्ही फोल्डर एकाच डिस्कवर, एकाच ड्राइव्हमध्ये असायला हवेत. कारण असं की एकाच ड्राइव्हमध्ये फाइल 'कट' करून दुसरीकडे 'पेस्ट' केली तर फाइल हलत नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो. पाच जीबीचा फोल्डर असला तरी क्षणात काम होतं. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवलं की मात्र आधी कॉपी होते, मग मूळ पुसलं जातं. मध्येच वीज गेली किंवा केबल निसटली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे अशी अवस्था होते. म्हणून बाहेरून, म्हणजे पेन ड्राइव्हवरून किंवा दुसऱ्या डिस्कवरून येणारं सगळं आधी आवकमध्ये कॉपी करायचं. कट नाही, कॉपी. पेन ड्राइव्हवरचं मूळ तसंच राहू द्या. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही, हेही लक्षात असू द्या.

जागेची काळजी वाटत असेल तर हिशोब करून पाहा. १२८ केबीपीएसची एमपी३ मिनिटाला साधारण एक एमबी घेते, म्हणजे तासाचा अल्बम ६० एमबीच्या आत. तोच अल्बम सीडीवर मिनिटाला दहा एमबी या दराने ६०० एमबीच्या आसपास असतो आणि फ्लॅकमध्ये बहुधा त्याच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश होतो. पाचशे तासांचं संगीत फ्लॅकमध्ये १५० ते २०० जीबी घेईल. त्याच्या जुन्या एमपी३ 'काढलेले'मध्ये पडून राहिल्या तर आणखी ३० जीबी. एवढ्या जागेसाठी घाईने पुसण्याचं काही कारण नाही.

नवी फाइल खरंच चांगली आहे का

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. फाइल हलवायला दोन सेकंद लागतात. हलवावी की नाही हे ठरवायला कान आणि डोकं दोन्ही लागतं.

फाइलचा आकार मोठा म्हणजे दर्जा चांगला, असं नाही. १२८ केबीपीएसची एमपी३ कुणी ३२० मध्ये किंवा फ्लॅकमध्ये रूपांतरित केली तर आकार वाढतो, पण एमपी३ करताना जे टाकून दिलं गेलं ते परत येत नाही. अशा फुगवलेल्या फाइली पेन ड्राइव्हवरच्या संग्रहांत भरपूर सापडतात. ओळखायचा एक बरा मार्ग म्हणजे स्पेक नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर. फाइल त्यावर टाकली की ध्वनीचं चित्र दिसतं. सीडीवरून थेट काढलेल्या फाइलमध्ये रंग साधारण २० किलोहर्ट्‌झच्या पुढेपर्यंत पसरलेला दिसतो. मूळ १२८ केबीपीएसची असेल तर १६ किलोहर्ट्‌झच्या सुमारास पट्टी लावून कापल्यासारखी सरळ कड दिसते. वरचा रंग हळूहळू विरत गेला असेल तर घाबरू नका. जुन्या ध्वनिमुद्रणांत आणि कॅसेटवर वरचे स्वर मुळातच कमी असतात. संशय घ्यायचा तो सरळ कापलेल्या कडेचा.

'डेट मॉडिफाइड'वरूनही निर्णय घेऊ नका. फाइलमध्ये गायकाचं नाव दुरुस्त केलं तरी तारीख बदलते. आवाज तोच असतो.

मग लांबी पाहा, आणि शास्त्रीय संगीत असेल तर फारच जपून पाहा. 'यमन' नावाच्या दोन फाइली, गायक तोच; एक २२ मिनिटांची, दुसरी ५१ मिनिटांची. पहिली बहुधा एलपीच्या एका बाजूत बसवलेली, दुसरी मैफलीतली. ही दोन वेगळी ध्वनिमुद्रणं आहेत, कितीही सारखी नावं असली तरी. एकीचा दर्जा दुसरीपेक्षा चांगला असण्याने काही ठरत नाही. दोन्ही राहिल्या पाहिजेत. आपल्याकडच्या संग्रहांत सगळ्यांत मोठं नुकसान याच कारणाने होतं. सिनेमाच्या गाण्यांना नाव असतं आणि ते सहसा एकाच ध्वनिमुद्रणाचं असतं. रागाचं नाव मात्र शेकडो ध्वनिमुद्रणांना सारखंच. म्हणून अशा फाइलींच्या नावात रागाबरोबर बंदिशीचे पहिले शब्द, आणि ठाऊक असेल तर साल आणि ठिकाण घाला. दोन्ही फाइलींची नावं सारखी राहतील अशी वेळच येऊ देऊ नका.

लांबीत थोडासा फरक असेल तर उलटी शक्यता असते: ध्वनिमुद्रण एकच, पण कॅसेट वेगवेगळ्या टेपवर वाजवून घेतलेली. सगळ्या टेपची गती तंतोतंत सारखी नसते. ३० मिनिटांची बाजू सहा टक्के जलद चालली तर २८ मिनिटं १८ सेकंदांत संपते, आणि सहा टक्के म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गेलेला ऐकू येतो. घरात हार्मोनियम असेल किंवा फोनवर तानपुऱ्याचं ॲप असेल तर दोन्ही फाइलींचा षड्ज लावून पाहा. गायकाची नेहमीची पट्टी माहीत असेल तर कोणती फाइल खऱ्या गतीची हे लगेच कळतं. ती ठेवायची, दुसरीचा आवाज स्वच्छ वाटला तरी. गती नंतर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करता येते, पण ते स्वतंत्र काम आहे. बदली करताना त्यात शिरू नका.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. नवीन सीडीवरची आवृत्ती स्वच्छ केलेली असते, आणि तीत कधीकधी खरखरीबरोबर तानपुराही घासला गेलेला असतो. जुन्या कॅसेटमध्ये सुरुवातीची घोषणा असते, मधली दाद असते, गायकाने साथीदाराला म्हटलेलं एखादं वाक्य असतं. दोन्ही आवृत्त्या हेडफोन लावून ऐका. नवी आवृत्ती सगळ्याच बाबतींत सरस असेल तरच ती जुनीची जागा घेऊ शकते. नाही तर दोन्ही ठेवा, वेगळ्या नावांनी.

आणि घरी ध्वनिमुद्रित केलेलं, म्हणजे आजीच्या ओव्या, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, गणपतीतल्या आरत्या, हे कशानेही बदलायचं नाही. त्याची दुरुस्त केलेली प्रत करा, ती संग्रहात लावा, पण मूळ फाइल जशीच्या तशी राहिली पाहिजे.

नावं जुळतात की जुळल्यासारखी दिसतात

विंडोज मूळ मांडणीत फाइलचं शेवटचं शेपूट, म्हणजे ती एमपी३ आहे की फ्लॅक, लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन ते दिसेल असं करा. नाही तर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी दिसतील आणि गोंधळ उडेल. या शेपटाचा दुसरा परिणामही आहे. एमपी३च्या फोल्डरमध्ये फ्लॅक पेस्ट केली तर 'रिप्लेस'ची चौकट येतच नाही, कारण कॉम्प्युटरच्या दृष्टीने नावं वेगळी आहेत. दोन्ही फाइली राहतात आणि प्लेअरमध्ये प्रत्येक गाणं दोनदा दिसू लागतं.

मराठीत नावं ठेवणाऱ्यांना एक जास्तीची अडचण येते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. 'वारकऱ्यांचे अभंग' हा फोल्डर घ्या. त्यातला 'ऱ्य' तीन प्रकारे टाइप झालेला असू शकतो. पहिल्या प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलन्त आणि य. तिसऱ्यात साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात. कोणता कीबोर्ड वापरला, मजकूर जुन्या फॉन्टमधून रूपांतरित केला होता का, यावर कोणता प्रकार आला ते अवलंबून असतं. विंडोजला ही तीन वेगळी नावं वाटतात, त्यामुळे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी आनंदाने नांदतात. आजच्या मॅकला मात्र पहिले दोन प्रकार एकच वाटतात. अशी डिस्क विंडोजवरून मॅकवर नेली की जे दोन फोल्डर होते ते एकाच नावावर येऊन आदळतात आणि तिथे 'रिप्लेस'चा प्रश्न उभा राहतो.

उपाय सोपा आहे. नवीन नाव पुन्हा टाइप करू नका. जुन्या फाइलवर एफ२ दाबा, कंट्रोल-सी करा, एस्केप दाबा. मग नव्या फाइलवर एफ२ आणि कंट्रोल-व्ही. एफ२ दाबल्यावर विंडोज शेपूट सोडून फक्त नाव निवडतं, त्यामुळे फ्लॅक फ्लॅकच राहते.

'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा नावांच्या फाइली कधीही संग्रहाच्या जवळ येऊ देऊ नका. ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं बहुधा नसतातच, त्यामुळे प्रत्येक सीडी काढली की हीच नावं तयार होतात. दोन सीडींचे फोल्डर एकत्र केले की पहिलीचा पहिला ट्रॅक दुसरीच्या पहिल्या ट्रॅकखाली गाडला जातो.

प्रत्यक्ष अदलाबदल, एका वेळी एक अल्बम

आवकमध्ये नवा अल्बम आधी पूर्ण तयार करा. फाइली सगळ्या आहेत, नावं लागली आहेत, टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गाणं, गायक, अल्बम यांची माहिती) भरले आहेत, आणि फाइली धड आहेत याची खात्री झाली आहे. फ्लॅकची एक मोठी सोय अशी की फाइलच्या आतच मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा (ध्वनीवरून काढलेला, जरा बदल झाला तरी न जुळणारा आकडा) साठवलेला असतो. फूबारसारख्या प्लेअरमध्ये 'व्हेरिफाय इंटेग्रिटी' केलं की प्रत्येक फाइल त्या ठशाशी ताडून पाहिली जाते. सीडी स्वतः काढत असाल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरा. तुमचा निकाल त्याच सीडीवरून इतरांनी काढलेल्या निकालांशी जुळतो का हे ॲक्युरेटरिप या ऑनलाइन यादीच्या मदतीने ते सांगतं. अर्थात जुन्या मराठी सीडी त्या यादीत नेहमी सापडतीलच असं नाही. तेव्हा एकच सीडी दोनदा काढून दोन्ही निकाल जुळतात का पाहणं हा पर्याय आहे.

टॅग पुन्हा भरायची गरज बहुधा नसते. एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फाइली निवडून कंट्रोल-सी आणि नव्या फाइली निवडून कंट्रोल-व्ही केलं की टॅग उतरतात. मात्र दोन्हीकडे संख्या आणि क्रम तंतोतंत सारखा हवा, नाही तर अभंगाचं नाव गौळणीला चिकटेल. या टप्प्यावर गायकाचं नावही एकदा नीट पाहून घ्या. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि तेच नाव रोमन लिपीत, अशी तीन रूपं असतील तर प्लेअर त्यांना तीन गायक समजतो. कोणतंही एक रूप निवडा आणि त्याला धरून राहा.

आता दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी उघडा आणि गाणी मोजा. कॅसेटवर दहा पदं आणि सीडीवर आठच, हे फार वेळा घडतं. दोन पदं नव्यात नसतील तर ती जुन्या फोल्डरमधून आवकच्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा, अदलाबदल करण्याआधीच.

मग संग्रहातला जुना अल्बम पूर्ण फोल्डरसकट कट करा आणि काढलेलेमध्ये, त्याच गायकाच्या नावाखाली पेस्ट करा. संग्रहातली जागा रिकामी झाली. आता आवकमधला नवा फोल्डर कट करून तिथे पेस्ट करा.

या क्रमात 'रिप्लेस'ची चौकट उघडायलाच नको. उघडली, तर काहीतरी जागेवरून हललेलं नाही किंवा तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात असा त्याचा अर्थ. रद्द करा आणि पाहा. चौकटीला उत्तर द्यावंच लागलं तर विंडोजमध्ये दोन्ही फाइलींची माहिती ताडून पाहण्याचा पर्याय असतो. तो उघडून दोन्ही बाजूंना खूण केली की दोन्ही फाइली राहतात आणि येणारीच्या नावापुढे आकडा लागतो.

मॅकवाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. विंडोजमध्ये एका फोल्डरवर त्याच नावाचा फोल्डर पेस्ट केला तर दोघे एकत्र होतात आणि फक्त समान नावाच्या फाइलींबद्दल विचारणा होते. मॅकमध्ये 'रिप्लेस' म्हटलं तर जुना फोल्डर आतल्या सगळ्यासकट जातो आणि नवा त्याच्या जागी बसतो. जुन्यात असलेली आणि नव्यात नसलेली ती दोन पदंही त्याच्याबरोबर जातात. 'कीप बोथ' हा तिथला सुरक्षित पर्याय.

अल्बम बसला की प्लेअरची लायब्ररी ताजी करा आणि पहिलं, मधलं आणि शेवटचं गाणं वाजवा. शेवटचं गाणं शेवटपर्यंत ऐका. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला छान वाजते आणि मध्येच तुटते. मग एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळ लिहा: तारीख, अल्बम, काय काढलं, काय ठेवलं, का. दोन फाइलींपैकी एक का निवडली हे वर्षभराने कुणालाच आठवत नाही.

प्लेलिस्टकडे दुर्लक्ष करू नका. एम३यू प्रकारच्या प्लेलिस्टमध्ये गाणं नसतं, गाण्याचा पत्ता असतो, शेपटासह. एमपी३ जाऊन फ्लॅक आली की प्लेलिस्टला गाणं सापडत नाही. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडते. आधी तिची प्रत काढा, मग 'फाइंड-रिप्लेस'ने त्या अल्बमच्या ओळी बदला. मराठी नावं असतील तर एम३यू८ हा प्रकार वापरा आणि यूटीएफ-८ (मराठी अक्षरंही नीट साठवणारी पद्धत) मध्येच सेव्ह करा, नाही तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

फाइली शेकड्यांनी असतील तेव्हा

दहा-वीस अल्बम हातानेच करा; पद्धत अंगवळणी पडते. त्यापुढे फ्रीफाइलसिंक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. डावीकडे आवक, उजवीकडे संग्रह ठेवून 'कम्पेअर' केलं की काय नवीन आहे, काय बदललं आहे, काय फक्त एकीकडेच आहे याची यादी येते. या टप्प्यावर एकही फाइल हललेली नसते. यादी निवांत वाचा. यादीतल्या फाइलींची संख्या अपेक्षेपेक्षा खूप जास्त दिसली तर पुढे जाऊ नका.

त्यात दोन गोष्टी लावून घ्यायच्या. बदललेल्या आणि काढलेल्या फाइलींचं काय करायचं या प्रश्नाला 'व्हर्जनिंग' निवडा आणि फोल्डर म्हणून काढलेले दाखवा. म्हणजे बदलली जाणारी प्रत्येक जुनी फाइल आपोआप तिथे जाते. दुसरं, 'मिरर' हा पर्याय आवक आणि संग्रह यांच्यात कधीही वापरू नका. मिरर म्हणजे उजवी बाजू डावीसारखी करणं. डावीकडे आज आलेले पाच अल्बम असतील तर उजवीकडे ते पाचच उरतील. 'अपडेट' हा पर्याय योग्य. मिररचा उपयोग संग्रहाची बॅकअप डिस्क ताजी करण्यासाठी, तोही व्हर्जनिंग चालू ठेवून.

कमांड लिहिणाऱ्यांसाठी विंडोजचं रोबोकॉपी आणि लिनक्स-मॅकवरचं आरसिंक आहेच. दोन्हींत आधी नुसती यादी दाखवण्याची सोय आहे, ती वापरल्याशिवाय खरी कमांड चालवू नका. आरसिंकमध्ये बदललेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याचीही सोय आहे. मात्र ते मूळ मांडणीत फक्त आकार आणि तारीख पाहून फाइल सारखी आहे की वेगळी हे ठरवतं. आतला मजकूर ताडायचा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं.

फोटोंना हेच लावताना

पद्धत तीच, पण नावावर अजिबात भिस्त ठेवू नका. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे मुंजीतला फोटो आणि काही वर्षांनंतरचा सहलीतला फोटो एकाच नावाचे असू शकतात. व्हॉट्सॲपच्या फाइलींचं तर आणखी वेगळं: नावात तारीख आणि त्या दिवसाचा क्रमांक असतो, आणि तो क्रमांक प्रत्येक फोनचा आपापला. आईच्या आणि बाबांच्या फोनवरचे एकाच नावाचे दोन फोटो सहज वेगळे असू शकतात. शिवाय नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो लहान केलेला असतो आणि त्यातली कॅमेऱ्याची माहिती गळालेली असते. तो मूळ फोटोची जागा कधीच घेऊ शकत नाही. फोटोंच्या नावाच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत घालून घेतली की बहुतेक टकरी टळतात.

'काढलेले' कधी रिकामं करायचं

निदान दोन-तीन महिने हात लावू नका. त्या काळात संग्रह नेहमीसारखा ऐकत राहा. मोबाइलवर, गाडीत, हॉलमधल्या स्पीकरवर. गाडीतल्या जुन्या स्टीरिओला फ्लॅक वाजवता येत नाही हे याच काळात कळतं, आणि मग एमपी३ बाजूला ठेवल्याचं बरं वाटतं. तिच्यासाठी फ्लॅकवरूनच ताज्या एमपी३ करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

रिकामं करायच्या दिवशी क्रम असा ठेवा. आधी बॅकअपची डिस्क जोडून नवा संग्रह तिच्यावर उतरवा. त्यातल्या बदललेल्या अल्बमांपैकी काही त्या डिस्कवरून वाजवा. डिस्क काढून ठेवा. मग 'काढलेले' उघडून लिहून ठेवलेल्या टेक्स्ट फाइलशी एकदा ताडा, आणि अल्बमागणिक डिलीट करा, सगळं एकदम नाही. घरी ध्वनिमुद्रित केलेलं किंवा बाजारात न मिळणारं काही तिथे येऊन पडलं असेल तर ते 'मूळ' नावाच्या चौथ्या फोल्डरमध्ये हलवा, फाइलींच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रीड-ओन्ली'ची खूण करा, आणि तो फोल्डर बॅकअपच्या दोन्ही डिस्कवर गेला आहे ना ते त्याच दिवशी पाहून घ्या.